जिजाऊंचा ताण आणि आपला ताण

आपल्या हॉस्टेलमध्ये दिवसभरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन : टफ. पेपर टफ गेला, एक्स्टर्नल टफ आहेत, आणि अमुक एक पोरगी तर जाम टफ आहे, तीन विषय राहिले तरी डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही! या शेवटच्या वाक्याने मात्र मला यंदा विचारात पाडलं. टफ असणं म्हणजे रडू न येणं का? काहीच न वाटणं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी एका बाईंचं चरित्र वाचायला घेतलं. त्या आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातल्या. दरवर्षी १२ जानेवारीला त्यांच्या जयंतीला सिंदखेड राजाला लाखोंची गर्दी होते. राजमाता जिजाऊ. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे जोन ऑफ आर्क आणि फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्यावर निबंध पाठ होते, पण जिजाऊ माझ्यासाठी चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं एक चित्र होत्या. मांडीवर बाळ शिवबा, आणि आई रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगतेय. त्या चित्रात त्या अगदी शांत दिसतात. त्या शांत चेहऱ्यामागे किती लोड होता, हे मला आता कळतंय.

लोड हा शब्द मी मुद्दाम वापरला. आधी थोडं आपल्या लॅबमध्ये जाऊ या. सेकंड इयरला आपण सगळ्यांनी यूटीएमवर टेन्साइल टेस्ट केली आहे. माइल्ड स्टीलचा रॉड लावायचा आणि ओढत जायचं. आधी ग्राफ सरळ रेषेत वर जातो. मग यील्ड पॉइंट येतो, रॉड नमतो, लांबतो, मधे बारीक होतो आणि खूप उशिरा तुटतो. कास्ट आयर्न लावलं तर? काही नमणं नाही, काही वाकणं नाही. सगळं ठीक दिसत असतं आणि एकदम फट् आवाज! स्ट्रेंग्थ, हार्डनेस आणि टफनेस हे तीन वेगळे गुण आहेत, हे सर ओरलला हमखास विचारतात. टफनेस म्हणजे तुटण्याआधी मटेरियल किती एनर्जी पोटात घेतं ते, म्हणजे स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्हच्या खालचा एरिया. काच हार्ड असते, पण टफ नसते. आणि टफ स्टीलचा तो एरिया मोठा असतो, कारण ते नमतं.

गंमत म्हणजे मानसशास्त्रातला स्ट्रेस हा शब्दही आपल्याच घरातून गेलाय. हान्स सेल्ये नावाचे शास्त्रज्ञ कॅनडात मॉन्ट्रियलला काम करत होते. उंदरांना थंडी, जखम, अतिश्रम असे वेगवेगळे त्रास दिले तरी त्यांच्या शरीराची प्रतिक्रिया बरीचशी सारखीच येते, हे त्यांनी १९३६ साली नेचर या नियतकालिकात मांडलं. पुढे त्यांनी त्याला स्ट्रेस म्हटलं. आपण इंजिनिअर तर बाहेरच्या लोडमुळे आत तयार होतो त्याला स्ट्रेस म्हणतो आणि त्यामुळे आकारात जो बदल होतो त्याला स्ट्रेन. सेल्ये यांनी नंतर कबूल केलं होतं की तेव्हा आपलं इंग्रजी चांगलं असतं तर आपण स्ट्रेन हाच शब्द निवडला असता. असो. आता जिजाऊंकडे वळते.

जालना-मेहकर रस्त्यावर सिंदखेड राजा लागतं. तिथे लखुजीराव जाधवांच्या वाड्याचं भलंमोठं प्रवेशद्वार आजही उभं आहे. गावात मोती तलाव आहे, आणि लखुजीरावांची दगडी समाधी आहे. ती बघितल्यावर हे घराणं किती मोठं होतं ते कळतं. लखुजीराव निजामशाहीतले बलाढ्य सरदार. त्यांची आणि म्हाळसाबाईंची ही लेक १२ जानेवारी १५९८ ला जन्मली. भाऊ होते, घोडे होते, फौज होती. लहान वयातच वेरूळच्या भोसल्यांच्या घरी, मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांच्याशी लग्न झालं.

लग्नानंतर काही वर्षांनी पहिला मोठा ताण आला, तो माहेर आणि सासर यांच्यामधला. निजामशहाच्या दरबारातून लोक बाहेर पडत असताना खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला. त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले यांच्यात तलवारी निघाल्या. बखरी सांगतात त्याप्रमाणे या भांडणात जिजाऊंचे भाऊ दत्ताजी मारले गेले आणि भोसल्यांकडून शहाजीराजांचे चुलत भाऊ संभाजी मारले गेले. विचार करा, एकाच दिवशी माहेरी सुतक आणि सासरीही सुतक, आणि दोन्ही घरं एकमेकांना वैरी समजतायत! जिजाऊ सासरी राहिल्या.

पण खरा घाव पुढे होता. २५ जुलै १६२९. दौलताबादच्या किल्ल्यात निजामशहाने लखुजीरावांना दरबारात बोलावलं आणि तिथेच त्यांचा खून करवला. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. एका दिवसात जिजाऊंचे वडील, दोन भाऊ आणि भाचा गेले. तेव्हा जिजाऊ गरोदर होत्या. ते बाळ १९ फेब्रुवारी १६३० ला शिवनेरीवर जन्मलं. तारखांचं गणित केलं तर दिवस अगदी सुरुवातीचे असणार.

इथे मला एक हिशोब करावासा वाटला. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकन डॉक्टरांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येकीला मार्क दिले. जोडीदाराचा मृत्यू १००. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू ६३. गरोदरपण ४०. राहती जागा बदलणं २०. एका वर्षात बेरीज ३०० च्या वर गेली की आजारी पडायचा धोका बराच वाढतो, असं त्यांचं म्हणणं. आता जिजाऊंचं १६२९-३० हे वर्ष घ्या. चार मृत्यूंचे २५२, गरोदरपणाचे ४० आणि शिवनेरीवर जाऊन राहण्याचे २०. बेरीज ३१२. यात अजून नवरा मोहिमेवर आहे, मुलुखात मोगल आणि निजामशाहीची लढाई पेटली आहे, याचे मार्क धरलेलेच नाहीत. त्याच सुमाराला १६३० ते १६३२ चा दख्खनचा भयंकर दुष्काळ पडला. त्याच्यासाठी त्या यादीत रकानाच नाही.

ही यादी म्हणजे नुसता लोड मोजणं झालं हे मला मान्य आहे. सारख्या लोडखाली एक रॉड तुटतो आणि दुसरा नाही, तो का? १९७० च्या दशकात शिकागोच्या सुझान कोबासा यांना हाच प्रश्न पडला. त्यांनी एका मोठ्या कंपनीतल्या मॅनेजर लोकांचा अभ्यास केला आणि १९७९ साली तो प्रसिद्ध केला. काही जण भरपूर ताण असूनही आजारी पडत नव्हते, काही पडत होते. फरक कशात? त्यांना तीन गोष्टी सापडल्या. एक, बांधिलकी : आपण जे करतोय त्यात जीव गुंतलेला असणं. दोन, पकड : परिस्थिती कितीही वाईट असो, माझ्या हातात काहीतरी आहे असं वाटणं. तीन, आव्हान : बदल म्हणजे फक्त संकट असं न समजता त्यात काहीतरी शिकायचं आहे असं धरणं. या तिन्हीला मिळून त्यांनी हार्डिनेस नाव दिलं. आपण कणखरपणा म्हणू. त्यांचे सहकारी साल्व्हातोर मॅडी यांनी इलिनॉय बेल टेलिफोन कंपनीतल्या मॅनेजरांवर १९७५ पासून बारा वर्षं लक्ष ठेवलं. मधेच कंपनीत प्रचंड उलथापालथ झाली, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. साधारण दोन तृतीयांश लोक त्यात खचले, पण एक तृतीयांश सावरले, काही तर आधीपेक्षा चांगलं काम करू लागले. मॅडी यांचं आणखी एक म्हणणं मला महत्त्वाचं वाटतं. कणखरपणा जन्मतःच मिळतो असं नाही, तो शिकता येतो.

कोबासा यांच्या त्या पहिल्या अभ्यासात सगळे पुरुष अधिकारी होते. त्यांच्यापेक्षा साडेतीनशे वर्षं आधी आपल्या सिंदखेडची एक बाई या तिन्ही गोष्टी जगत होती. हे मी अभिमानाने म्हणतेय, पण नुसत्या अभिमानाने नाही. पुढच्या घटना बघा.

निजामशाही १६३६ मध्ये संपली आणि शहाजीराजे आदिलशाहीत गेले. पुढे त्यांचं ठाणं बंगळूरला. जिजाऊ आणि शिवबा काही काळ तिथे राहून पुण्याच्या जहागिरीत आले. पुणे तेव्हा उद्ध्वस्त होतं. आदिलशाही फौजेने ते जाळलं होतं, आणि परंपरा सांगते की तिथे गाढवाचा नांगर फिरवला होता, म्हणजे इथे पुन्हा कुणी वस्ती करू नये. जिजाऊंनी त्याच जमिनीवर वस्ती करायची ठरवली. लाल महाल उभा राहिला, कसबा गणपतीचं मंदिर उभं राहिलं, पळून गेलेली कुळं परत आली. त्या स्वतः तंटे ऐकत, निवाडे देत. त्यांच्या नावाने गेलेली पत्रं आजही अभ्यासकांच्या समोर आहेत. नवरा शेकडो मैल लांब, माहेर संपलेलं, आणि ही बाई शेतसाऱ्याचे आणि वतनाचे वाद सोडवतेय. पकड म्हणतात ती हीच. निजामशहाचं काय करायचं ते त्यांच्या हातात नव्हतं, पण पुण्याच्या एका पडीक शेताचं काय करायचं ते होतं.

मग परत घाव सुरू झाले. १६४८ मध्ये शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली, १६४९ मध्ये सुटले. १६५५ च्या सुमाराला थोरला मुलगा संभाजी कनकगिरीच्या लढाईत मारला गेला. त्या मृत्यूचा ठपका अफझलखानावर ठेवला जातो. ५ सप्टेंबर १६५९ ला सून सईबाई वारल्या. नातू संभाजी तेव्हा सव्वादोन वर्षांचा. तो आजीच्या मांडीवर आला. आणि दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, त्याच अफझलखानाला भेटायला धाकटा मुलगा प्रतापगडाच्या पायथ्याशी निघाला. थोरला गेला आहे, आता हा एकच उरलाय, आणि तो खानाच्या शामियान्यात चालला आहे. पुढच्या वर्षी, १६६० मध्ये, शिवराय पन्हाळ्यावर महिनोन् महिने वेढ्यात अडकले. शिवभारत या त्या काळातल्या संस्कृत काव्यात असं वर्णन आहे की मुलाला सोडवायला जिजाऊ स्वतः फौज घेऊन निघायला तयार झाल्या होत्या. तेव्हा त्यांचं वय बासष्ट.

इथपर्यंत वाचताना मलाही वाटत होतं की या बाईंना काही वाटतच नसेल. पोलादी मन वगैरे. भाषणांतही आपण असंच ऐकतो. पण १६६४ साल आलं, आणि मी थांबले.

२३ जानेवारी १६६४. कर्नाटकात होदिगेरे इथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. होम्स आणि राहे यांच्या यादीत सगळ्यात वरची घटना, पूर्ण १०० मार्कांची. बातमी राजगडावर आली. बखरी सांगतात की जिजाऊंनी सती जायचं ठरवलं. म्हणजे आपलं जगणं आता संपलं असं त्यांना वाटलं. जिने वडील, भाऊ, मुलगा, सून यांचे मृत्यू पचवले होते, तिलासुद्धा वाटलं. सती ही प्रथा तेव्हा पुण्याची मानली जायची. आज तो गुन्हा आहे, आणि त्यात गौरवाचं काही नाही. पण त्या प्रथेच्या आड एक साधं माणसाचं दुःख होतं, ते मला दिसतं. हा त्यांचा यील्ड पॉइंट होता.

मग काय झालं? शिवरायांनी आईला मिठी घातली, ऐकेचनात. त्यांनी आणि बरोबरच्या मोठ्या माणसांनी गळ घातली. तुम्ही गेलात तर आमचं कोण, हे काम कोण बघणार, असं विनवलं. आणि जिजाऊ थांबल्या. बखरीतला हा प्रसंग दोन-चार ओळींचाच आहे, पण माझ्या मते त्यांच्या सगळ्या चरित्राची गुरुकिल्ली तिथे आहे. त्या एकट्याने सावरल्या नाहीत. त्यांना धरलं गेलं, आणि त्यांनी स्वतःला धरू दिलं.

यूटीएमवरच्या रॉडला आणि माणसाला सारखं समजण्यात इथे मोठी अडचण येते. रॉड मशीनमध्ये एकटा असतो. त्याच्यावरचा लोड दुसरा रॉड वाटून घ्यायला येत नाही. माणसाचं तसं नाही. संशोधनातही हे परत परत दिसतं की ज्याच्या पाठीशी माणसं असतात त्याला ताण कमी बाधतो. सिव्हिलवाल्यांना हे सांगायलाच नको, एका कॉलमवर सगळी स्लॅब कुणी डिझाइन करत नाही.

आणि थांबल्यानंतरची दहा वर्षं बघा. १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले. ५ मार्च १६६६ ला शिवराय नऊ वर्षांच्या संभाजीला घेऊन राजगडावरून आग्र्याला निघाले. जाताना राज्याचा कारभार आईच्या देखरेखीखाली ठेवला. १२ मेच्या दरबारानंतर नजरकैद झाली. इकडे जिजाऊ अडुसष्ट वर्षांच्या. मुलगा आणि नातू औरंगजेबाच्या तावडीत, बातमी यायला कित्येक आठवडे लागतात, आणि राज्य तर चालवायचंच आहे. ते चाललं. १७ ऑगस्टला शिवराय आग्र्याहून निसटले तेव्हा परत यायला त्यांचं राज्य जागेवर होतं. १६६४ मध्ये जिजाऊ गेल्या असत्या तर १६६६ मध्ये राजगडावर कोण असतं, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि अंगावर काटा आला.

पुढे गेलेले किल्ले परत आले. शेवटच्या काळात त्या रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला राहायच्या. वरची थंड हवा आणि वारा त्यांना सोसेना, म्हणून शिवरायांनी खाली वाडा बांधून दिला होता. मनाने एवढी कणखर बाई, पण शरीर थकलं तेव्हा तिने तेही मान्य केलं. मेंटल टफनेस आणि फिजिकल टफनेस यांचा हिशोब दरवेळी एकसारखा नसतो. ६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला. ज्या बाईच्या वडिलांना एका बादशहाने दरबारात बोलावून मारलं, तिने स्वतःच्या मुलाचं सिंहासन डोळ्यांनी बघितलं. अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, पाचाडला त्यांचं निधन झालं. वय शहात्तर. त्यांची समाधी तिथेच आहे.

आता परत आपल्या हॉस्टेलकडे. पीटर क्लफ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने २००२ साली कोबासा यांच्या तीन गोष्टींमध्ये चौथी घातली, आत्मविश्वास, आणि त्याला मेंटल टफनेस म्हटलं. खेळाडूंसाठी, कंपन्यांसाठी आज त्याच्या टेस्ट मिळतात. आपल्याकडेही असले सेमिनार होतात. माझा आक्षेप त्यातल्या शास्त्राला नाही. आपण त्याचा जो अर्थ काढतो त्याला आहे. रिझल्टच्या दिवशी एखादी मुलगी मेसला आली नाही तर आपण तिला सांगतो, रडू नकोस, टफ हो. म्हणजे आपण तिला स्टील व्हायला सांगत नाही, कास्ट आयर्न व्हायला सांगतो. बाहेरून सगळं ठीक, आणि मग एक दिवस पेपरात बातमी. अशा बातम्या आपल्या विदर्भाला नवीन नाहीत, शेतकऱ्यांच्या घरांतून किती आल्या ते आपल्यातल्या कित्येकांनी गावात जवळून बघितलंय. त्या प्रत्येक घरात कुणीतरी म्हणत असतं, तो तर काही बोललाच नव्हता.

एम-थ्री राहिला म्हणून कुणी जिजाऊंशी तुलना करू नये, हे मलाही कळतं. पण ताण ज्याचा त्याला खराच असतो. घरचं कर्ज, वडिलांची एका पिकावरची आशा, पहिल्यांदाच इंग्रजीत शिकणं, हे लहान लोड नाहीत. जिजाऊंच्या चरित्रातून मी माझ्यापुरत्या तीन गोष्टी घेतल्या. हातात जे आहे तिथून सुरुवात करायची, एक पडीक शेत, एक युनिट. कशाततरी जीव गुंतवायचा, मार्कांच्या पलीकडे. आणि नमायची वेळ आली तर नमायचं, कुणालातरी सांगायचं, धरू द्यायचं. मित्राला सांगणं जमत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.

सिंदखेड राजाला अजून गेला नसाल तर एखाद्या रविवारी जाऊन या. आणि आपल्या मजल्यावरची एखादी खोली दोन दिवस बंद दिसली, तर सबमिशन थोडं बाजूला ठेवून दार वाजवा. १६६४ मध्ये राजगडावर कुणीतरी असंच जाऊन बसलं होतं.